लक्षण, लक्षणा आणि एक न दिसणारा पाझर

आम्ही दोघी तालुक्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पदवी घेऊन गेलेल्या मुली मधूनमधून फोन करतात. कधी नोकरीच्या अर्जातले शुद्धलेखन विचारायला, कधी बाळासाठी नाव सुचवा म्हणून. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुलीचा फोन आला. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) तिला सहावा महिना होता. मायांगाजवळ बारीक फोड येऊन विलक्षण आग होत होती, म्हणून ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तपासले, 'हर्पिस' एवढा एकच शब्द उच्चारला, गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचे सगळे बोलणे बाहेर बसलेल्या नवऱ्याशी केले. घरी पोहोचेपर्यंत नवऱ्याने मोबाइलवर शोधाशोध करून ठेवली होती. त्याला स्वतःला कधी काही झाले नव्हते. फोड नाही की पुळी नाही. त्यामुळे त्याचा प्रश्न एकच होता : "मग तू हे आणलंस कुठून?" सासूबाईंना अजून काही कळले नव्हते, पण त्या विचारणार हे ठरलेले होते. मुलीने आम्हांला विचारले, "मॅडम, याला मराठीत काय म्हणतात? सासूबाईंना सांगता येईल असा एखादा शब्द सांगा ना."

आम्ही गप्प झालो. पंचवीस वर्षे शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हां दोघींना त्या क्षणी एकच शब्द आठवला, आणि तो होता 'गुप्तरोग'. तो शब्द आम्ही उच्चारला नाही, कारण तो नुसता शब्द नाही, निकाल आहे. त्यातल्या 'गुप्त'चा मूळ अर्थ गुप्तांगाचा असेलही. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र 'लपवून ठेवलेला' हाच अर्थ पडतो. "डॉक्टरांना पुन्हा एकदा नीट विचार," असे काहीतरी गुळमुळीत सांगून आम्ही फोन ठेवला. त्या दिवशीची आमची ती गप्प बसण्याची लाज हे या लेखाचे कारण आहे.

नवऱ्याचा प्रश्न वरकरणी तर्काला धरून वाटतो. रोग असेल तर तो दिसेल. माझ्या अंगावर दिसत नाही, त्याअर्थी मला नाही. मला नाही, त्याअर्थी तू तो बाहेरून आणलास. या साखळीतली पहिलीच कडी खोटी आहे. गेली तीस-पस्तीस वर्षे वैद्यकशास्त्र ती खोटी असल्याचे पुराव्यानिशी सांगत आले आहे. ते सांगणे मराठीत आले नाही, म्हणून ती कडी आपल्या घराघरांत अजून मजबूत आहे.

आधी शब्दापासूनच सुरुवात करू. 'हर्पिस' हा शब्द ग्रीक. 'सरपटणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. ते ग्रीक क्रियापद आणि संस्कृतातला 'सृप्' हा धातू एकाच मुळाचे. म्हणजे 'हर्पिस' आणि आपला 'सर्प' हे शब्द नात्याने भावंडे ठरतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 'विसर्प' नावाचा त्वचेवर पसरत जाणारा रोग आहे. तो म्हणजे आजचे हर्पिस असे म्हणता येणार नाही, पण प्रतिमा तीच. आणि मराठीत तर आपण एका हर्पिसला सरळ 'नागीण' म्हणतोच. पाठीवर, कमरेवर पट्ट्यासारखे उठणारे ते दाहक फोड. त्यांचा विळखा पुरा झाला तर माणूस दगावतो, अशी समजूत आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली. या नागिणीचा विषाणू आणि आपल्या विद्यार्थिनीला झालेल्या रोगाचा विषाणू एक नव्हेत. पण ते एकाच कुळातले आहेत. माणसाला बाधणाऱ्या या कुळात आठ विषाणू मोजतात (सहाव्याचे दोन वेगळे धरले तर नऊ). ओठांवर 'जर' उठवणारा पहिला, बहुतांशी जननेंद्रियांवर वस्ती करणारा दुसरा, कांजिण्या आणि नागीण देणारा तिसरा, आणि असेच पुढचे.

या कुळाचा कुळधर्म एकच : एकदा घरात शिरले की जन्मभर मुक्काम. पहिला संसर्ग ओसरला की दुसऱ्या क्रमांकाचा विषाणू (एचएसव्ही-२) कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या गाठींत जाऊन पडून राहतो. तिथून तो मधूनमधून मज्जातंतूंच्या वाटेने त्वचेपाशी परत येतो. कधी फोड उठतात. बहुतेक वेळा मात्र काहीच उठत नाही. आग नाही, खाज नाही, डाग नाही. आणि तरीही योनिमार्गाच्या, गर्भाशयमुखाच्या स्रावांत, आजूबाजूच्या त्वचेवर विषाणू उतरलेला असतो. याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ 'झडणे' असा होतो. मराठी पाठ्यपुस्तकी भाषेत 'लक्षणविरहित विषाणू-उत्सर्जन' म्हणता येईल, पण ते कोणाच्या तोंडी बसणार? आम्ही त्याला 'पाझर' म्हणू. पाझर तलाव ठाऊक असलेल्या प्रदेशात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जमिनीच्या वर काही दिसत नाही, पण पाणी खालून चाललेले असते.

हा पाझर मोजला कसा, हे जाणून घेण्यासारखे आहे, कारण त्या मोजणीत स्त्रियांचे फार मोठे काम आहे. १९९५ साली अमेरिकेतील सिअॅटल येथील ॲना वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांनी दिवसामागून दिवस, घरच्या घरी, स्वतःच्या हाताने कापसाच्या बोळ्याने नमुने घेतले आणि काही जाणवले का याची रोज नोंद ठेवली. एचएसव्ही-२ असलेल्या ६५ स्त्रियांपैकी ३६ जणींत, म्हणजे निम्म्याहून अधिक जणींत, कसलेही लक्षण नसलेल्या दिवशी विषाणू सापडला. त्या वेळची पद्धत प्रयोगशाळेत विषाणू वाढवून पाहण्याची होती; तिच्याने मोजले तर असे दिवस सरासरी दोन टक्के भरत. पुढे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी, कितीतरी अधिक संवेदनशील पद्धत आली आणि आकडे बदलले. २०११ साली ४९८ स्त्री-पुरुषांची जी एकत्रित आकडेवारी प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार ज्यांना पूर्वी कधी फोड आले होते त्यांच्यात सुमारे २० टक्के दिवशी विषाणू आढळला; ज्यांना आयुष्यात कधीच काही जाणवले नव्हते, त्यांच्यातही सुमारे १० टक्के दिवशी. म्हणजे दहांतला एक दिवस. ज्याला काही झालेच नाही, त्याच्या दहा दिवसांतला एक.

२००८ सालच्या आणखी एका अभ्यासात दिवसातून चार वेळा नमुने घेतले, तेव्हा असे दिसले की जननेंद्रियांच्या भागातल्या या फेऱ्यांपैकी जवळपास निम्म्या बारा तासांच्या आत आटोपतात. विषाणू सकाळी येतो, संध्याकाळी गेलेला असतो. शरीर त्याला हुसकावून लावते आणि शरीराच्या मालकिणीला पत्ताही लागत नाही.

या कुळातल्या इतर मंडळींचेही असेच. कांजिण्यांच्या नात्यातला सायटोमेगॅलो नावाचा विषाणू जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या अंगात असतो. तो लाळेत, मूत्रात, अंगावरच्या दुधात आणि गर्भाशयमुखाच्या स्रावात अधूनमधून उतरतो. एपस्टीन-बार हा लाळेतून पसरणारा म्हणून ओळखला जाणारा विषाणू. तोही गर्भाशयमुखातून बाहेर पडतो, हे १९८६ साली 'लॅन्सेट'मधून जाहीर झाले. स्रावात यांपैकी एखादा सापडला म्हणजे ती स्त्री आजारी झाली असे नव्हे, आणि तिने काही केले असे तर मुळीच नव्हे. माणसाच्या देहात राहणाऱ्या या जुन्या भाडेकरूंची ये-जा चालू असते, इतकेच.

आता त्या अभ्यासाकडे येऊ, ज्याने आम्हां मराठीच्या शिक्षकांना सर्वांत अधिक विचार करायला लावले. २००० साली वाल्ड यांनीच रक्ततपासणीत एचएसव्ही-२ सापडलेले, पण 'आम्हांला कधीच काही झाले नाही' असे सांगणारे ५३ जण निवडले. त्यांना या रोगाची चिन्हे कशी असतात ते नीट समजावून सांगितले आणि लक्ष ठेवायला सांगितले. पुढच्या काळात त्यांपैकी ३३ जणांनी, म्हणजे ६२ टक्क्यांनी, ठरावीक फोड आल्याचे कळवले.

हे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. या माणसांच्या शरीरात एकाएकी बदल झाला होता का? तसे मानण्याचे कारण नाही. यापूर्वीही त्यांना काहीबाही होत असणार. ते त्यांनी घामोळे म्हटले असेल, कपड्याचे घासणे म्हटले असेल, पाळीच्या दिवसांतली जळजळ म्हटले असेल, किंवा काहीच म्हटले नसेल. आता हाती शब्द आला आणि लक्षण दिसू लागले. वैद्यकाच्या दृष्टीने हा रोगनिदानाचा मुद्दा असेल. आमच्या दृष्टीने तो भाषेचा आहे. 'लक्षणे नव्हती' आणि 'लक्षणांना नाव नव्हते' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या सर्रास एक धरतो.

त्या फोननंतरच्या सत्रात आम्ही तृतीय वर्षाच्या उपयोजित मराठीच्या तासाला एक अनुवाद दिला. आरोग्यपत्रकातले साधे इंग्रजी वाक्य होते. आशय असा, की या संसर्गाची लक्षणे नसलेल्या व्यक्तीकडूनही तो दुसऱ्याला होऊ शकतो. बेचाळीस जणांच्या वर्गात बहुतेकांचे पहिले अडखळणे 'लक्षण' या शब्दापाशी झाले. मराठीत लक्षण म्हणजे रोगाचे चिन्ह, हे त्यांना ठाऊक होते. पण त्याआधी त्यांना आठवली ती 'याची लक्षणं काही ठीक दिसत नाहीत' मधली लक्षणे. सुलक्षणी सून, अवलक्षणी पोर, कुलक्षणी पाऊल. आपल्या भाषेत लक्षण हे शरीराचे असण्याच्या आधी चारित्र्याचे असते. आणि त्यातही स्त्रीच्या चारित्र्याचे. एका मुलाने तर 'चांगल्या लक्षणाच्या माणसाकडूनही हा रोग होऊ शकतो' असे लिहिले. वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण चुकीच्या अनुवादातून त्याने मूळ वाक्यापेक्षा मोठे सत्य लिहून ठेवले होते.

साहित्यशास्त्राच्या तासाला आम्ही शब्दशक्ती शिकवतो : अभिधा, लक्षणा, व्यंजना. शब्दाचा सरळ, रूढ अर्थ सांगते ती अभिधा. तो अर्थ जुळेनासा झाला की त्याला लागून असलेल्या दुसऱ्या अर्थाकडे नेते ती लक्षणा. न सांगता सुचवते ती व्यंजना. व्यंजनेवर काव्य उभे राहते, म्हणून आम्ही तिचे पोवाडे गातो आणि अभिधेला पायरीच्या दगडासारखी वागवतो. पण मराठी बाई आपल्या देहाविषयी कशी बोलते ते पाहा. पाळी आली तर 'कावळा शिवला', 'अडचण आहे', 'बाहेरची आहे'. स्राव होत असेल तर 'अंगावरून जातंय'. दुखत असेल तर 'खाली दुखतंय', 'त्या जागी'. सारे लक्षणेने, व्यंजनेने. कवितेत वैभव असलेली ही शक्ती दवाखान्याच्या टेबलासमोर लुळी पडते. 'अंगावरून जातंय' या एका वाक्यात नेहमीचा निरोगी स्राव, जंतुसंसर्ग, पाळीचा अतिरेक आणि कर्करोगाची सुरुवात, इतके सगळे मावते. आणि जे सगळे मावते त्यातून डॉक्टरला हाती काही लागत नाही.

याची किंमत किती, ते महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. त्यातला ९२ टक्के हा आकडा पुष्कळांना माहीत असतो : इतक्या स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी किमान एक होता, आणि सरासरी दर स्त्रीमागे ३.६. त्याच्या शेजारचा दुसरा आकडा मात्र कोणी फारसा सांगत नाही. तपासलेल्या स्त्रियांपैकी तक्रार होती ५५ टक्क्यांना; ४५ टक्के म्हणाल्या, आम्हांला काही त्रास नाही. तक्रार ५५ टक्क्यांची आणि रोग ९२ टक्क्यांना, या दोन आकड्यांमधली जी दरी आहे, तिच्यात जीवशास्त्र किती आणि मुकेपण किती? यापूर्वी कधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त आठ टक्के. पुढे राणीताईंनी 'कानोसा' या पुस्तकात याच परिसरातल्या बायका आपल्या शरीराविषयी काय आणि कसे बोलतात ते नोंदवले. मराठी विभागांच्या संदर्भग्रंथांच्या यादीत ते असायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बोलीभाषेचा अभ्यास म्हणून आपण ओव्या आणि म्हणी गोळा करतो. दुखण्याची बोली मात्र आपल्याला भाषा वाटत नाही.

आता पुन्हा त्या नवऱ्याच्या प्रश्नाकडे. 'कुठून आणलंस?' या प्रश्नाचे विज्ञानाच्या दृष्टीने प्रामाणिक उत्तर बहुधा 'सांगता येत नाही' हेच असते. पहिला फोड म्हणजे पहिला संसर्ग असे नसते. संसर्ग होऊन कित्येक वर्षे उलटल्यावरही फोड पहिल्यांदा उठू शकतात. ज्याच्याकडून तो आला त्यालाही आपल्यापाशी तो असल्याचा पत्ता नसू शकतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोघांपैकी एकालाच हा रोग असलेल्या १४४ जोडप्यांवर सुमारे वर्षभर लक्ष ठेवले. १४ जोडप्यांत तो दुसऱ्याला झाला. ज्या १३ जोडप्यांची नीट माहिती मिळाली, त्यांतल्या नऊ ठिकाणी तो झाला तेव्हा देणाऱ्याच्या अंगावर काहीही लक्षण नव्हते. आणि एक विषमता पाहा : धोक्यात असलेल्या ६५ स्त्रियांपैकी ११ जणींना झाला, ७९ पुरुषांपैकी फक्त तिघांना. पुरुषाकडून स्त्रीला होणे सोपे, उलट दिशेने अवघड, शरीररचनाच तशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या अंदाजातही १५ ते ४९ वयोगटात एचएसव्ही-२ असलेल्या स्त्रिया सुमारे ३१ कोटी होत्या आणि पुरुष सुमारे १८ कोटी.

म्हणजे निसर्गतः होण्याची शक्यता तिला अधिक. गरोदरपणात तपासणी तिचीच होते, म्हणून उघडकीला येण्याची शक्यताही तिलाच अधिक. आणि जिच्याकडे आधी दिसले तिनेच आणले, हा घराचा न्याय. अपराधाचा माग काढण्यासाठी लक्षणांची पावले शोधायची, तर हा प्रवासी पावलांचे ठसे न उमटवता चालणारा आहे. पुण्यानेही हे निराळ्या संदर्भात पाहिले आहे. तिथल्या लैंगिक रोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण असल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या बहुसंख्य विवाहित, नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध न आलेल्या. त्याच शहरातल्या २००३ सालच्या अभ्यासाने दाखवले, की एचएसव्ही-२ नुकताच झालेल्यांना एचआयव्ही होण्याचा धोका जवळजवळ चौपट असतो. तेव्हा पाझराचा प्रश्न हा केवळ एका घरातल्या रुसव्याफुगव्याचा नाही.

इथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही आम्ही एकमेकींनाच घेतले आहेत. पहिला : न दिसणाऱ्या रोगाची वाच्यता करून तुम्ही नसती भीती पसरवत नाही का? एक तर हा रोग बहुतेकांना सौम्यच असतो. दुसरे म्हणजे, सरसकट सगळ्यांच्या रक्ततपासण्या करा असे आमचे म्हणणे नाही. लक्षणे नसलेल्यांची अशी तपासणी करू नये, असाच सल्ला अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१६ साली दिला आणि २०२३ साली कायम ठेवला. तपासणीत चुकीचे 'आहे' येण्याचे प्रमाण मोठे, आणि त्यातून होणारा मनस्ताप लाभाहून जास्त. पण यातूनच आमचा मुद्दा बळकट होतो. जिथे तपासणी उत्तर देत नाही, तिथे समज हाच आधार उरतो. आणि ज्ञानाने इथे भीती वाढत नाही, कमी होते. आमच्या मुलीला सर्वांत मोठी धास्ती बाळाची होती. तिला कोणी हे सांगितले नाही, की बाळंतपणाच्या तोंडावर पहिल्यांदाच संसर्ग झाला तर बाळाला तो होण्याचा धोका ३० ते ५० टक्के इतका मोठा असतो. पण संसर्ग जुना असेल, किंवा गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात झालेला असेल, तर तो एक टक्क्याहूनही कमी. शेवटच्या महिन्यांत गोळ्या देता येतात, कळा सुरू होताना फोड असतील तर शस्त्रक्रियेने बाळंतपण करतात. जोडीदाराला होण्याचा धोकाही रोजच्या गोळीने जवळपास निम्मा होतो, हे २००४ साली १,४८४ जोडप्यांच्या चाचणीत सिद्ध झाले; निरोधनेही तो घटतो. पूर्ण नाहीसा मात्र होत नाही. एवढी चार वाक्ये मराठीत, तिच्याकडे बघून, तिला सांगायला किती वेळ लागला असता?

आणि भीती कशाने पसरते हे जगाने पाहिलेले आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हर्पिसला आजचे 'स्कार्लेट लेटर' म्हटले. व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर लाल अक्षर वागवणाऱ्या हॉथॉर्नच्या नायिकेची आठवण देऊन. ज्या वर्षी त्या देशात या रोगावरच्या पहिल्या परिणामकारक औषधाला मान्यता मिळाली, त्याच वर्षी साहित्यातल्या एका प्रतिमेने त्याच्यावर कलंकाचा शिक्का मारला. आम्हां साहित्यवाल्यांनी यातून घ्यायचा धडा सोपा आहे : प्रतिमा निरुपद्रवी नसतात.

दुसरा आक्षेप : हे काम डॉक्टरांचे, तुम्ही मराठीच्या बायका यात कशाला? डॉक्टरांकडे ज्ञान आहे, पण त्यांचे शिक्षण इंग्रजीत झाले आणि वेळ अपुरा. सरकारी कार्यक्रमात लैंगिक संसर्गांसाठी रंगांची पाकिटे आहेत. हर्पिसच्या फोडांसाठी लाल. ती व्यवस्था उपयुक्त आहे, पण तिची सुरुवात तक्रारीपासून होते. तक्रार सांगायला शब्द लागतात आणि शब्द देणे हे भाषेच्या शिक्षकाचे काम आहे. शिवाय पूर्वपरंपरा आहेच. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवले, वाचकांच्या शंकांना सरळ अभिधेत उत्तरे दिली आणि त्यापायी खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. गणिताच्या प्राध्यापकाने जे केले त्यातला शतांश मराठीच्या प्राध्यापकांनी करू नये? कर्व्यांवर आम्ही परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न विचारतो आणि विद्यार्थिनीचा फोन आला की गप्प होतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे. 'गुप्तरोग' हा शब्द आता निवृत्त व्हावा. 'लैंगिक संबंधांतून होणारा संसर्ग' हे लांब असले तरी स्वच्छ आहे. 'हर्पिस' हा शब्द खुशाल वापरावा, पण त्याच्यामागे तीन मराठी वाक्ये जोडावीत : हा विषाणू अंगात मुक्कामाला राहतो, काही दिसत नसतानाही तो पाझरतो, त्यामुळे तो कोणाकडून, केव्हा आला हे बहुधा सांगता येत नाही. ही तीन वाक्ये उपयोजित मराठीच्या तासाला, महिला कक्षाच्या कार्यक्रमात, नवविवाहितांच्या मेळाव्यात म्हणता यावीत. त्यात अश्लील काही नाही आणि अवघडही काही नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायलाच हवे. बाळंतपण सुखरूप झाले. नवऱ्याला दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी समोर बसवून समजावले. त्याला ते पटले की नुसते ऐकले, ते आम्हांला ठाऊक नाही. बारशाला गेलो तेव्हा आम्ही तिला हळूच विचारले, "सासूबाईंना काय सांगितलंस?" ती म्हणाली, "नागिणीच्या जातीचं आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं, मलाही झाली होती पाठीवर, फार जळतं गं. आणि खोबरेल घेऊन आल्या."

कुळाच्या हिशेबाने ती खोटे बोलली नव्हती. आम्ही दोघी मिळून शोधू शकलो नाही तो शब्द तिने शोधला, आणि तोही आजीच्या तोंडचा, बिनकलंकाचा. परतीच्या एसटीत मात्र आमच्यात वाद झाला. एकीचे म्हणणे, शब्द असाच हवा, ज्याने माणूस खोबरेल घेऊन धावत येईल. दुसरीचे म्हणणे, हीसुद्धा अखेर लक्षणाच. पाझराची गोष्ट त्यात झाकलेलीच राहिली, आणि उद्या धाकट्या जावेला तेच झाले तर घर पुन्हा तोच प्रश्न विचारील. गाव आले तरी वाद मिटला नव्हता. अजूनही मिटलेला नाही.